पाणी परत जातंय

डावा तळहात पाइपवर सपाट टेकवलेला, उजवा हात चौकातल्या पोलिसासारखा वर, मान जराशी कललेली. "थांबा. पाणी परत जातंय." काका आठवले की मला आधी हे दिसतं, मग त्यांचा चेहरा.

भारनियमनाचे दिवस होते. सदाशिव पेठेतल्या त्या चार मजली इमारतीच्या मागच्या अंगणात, लाईट जाऊन परत आली की हे दृश्य ठरलेलं. वरून लोक ओरडायचे, "पंप लावा!" आणि खाली पत्र्याच्या शेडमध्ये, हिरव्या बटणाच्या बरोबर समोर काका उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात घरातल्या स्लिपर. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे थांबाकाका. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, "निदान कामाचं नाव ठेवलंय."

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रवेश मिळाला की राहायची सोयही होते, असं वडिलांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पुण्यात आल्यावर तसं नसतं हे कळलं. गावाकडच्या ओळखीने एकाने या इमारतीच्या सेक्रेटरींकडे नेलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक खोली होती. भाडं काही नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ पंप चालवून टाकी भरायची. सेक्रेटरींनी एकच अट घातली. "मोटरला काही झालं, तर खोली सोडायची." मी मान डोलावली. खोली सुटली तर कॉलेजही सुटणार होतं, दुसरीकडे भाडं भरायची ऐपत नव्हती. मोटरविषयी मला माहिती एवढीच, की बटण दाबलं की पाणी येतं.

पहिल्याच संध्याकाळी पंप चालू असताना लाईट गेली. थोड्या वेळाने आली. मी गच्चीवरून धावत खाली आलो आणि बटणाकडे हात नेला.

"हात खाली."

मागे याच इमारतीत राहणारे काका उभे होते. मी म्हणालो, "लाईट आली हाय ना." म्हणालो आणि जीभ चावली. या 'हाय'वरून वर्गात माझी बरीच करमणूक झाली होती. काकांनी ते ऐकलंच नाही, किंवा तसं दाखवलं.

"लाईट आलीय. पाणी अजून गेलेलं नाही. ते बघ."

जुन्या विहिरीच्या तोंडावर ती मोटर उभी बसवलेली होती. तिच्यापासून एक लांब दांडा खाली पाण्यातल्या पंपापर्यंत गेलेला. त्याचा हातभर भाग उघडा दिसायचा आणि त्यावर काकांनी पांढऱ्या रंगाची रेघ ओढली होती. मोटरला वीज नव्हती, तरी ती रेघ फिरत होती. उलटी.

"वर चढवलेलं पाणी आहे ते," काका म्हणाले. "खालून ढकलणारं कुणी उरलं नाही की आल्या वाटेने परत निघतं, आणि जाता जाता पंपाला उलटं फिरवतं. त्याला अडवायला पाइपमध्ये झडप आहे, पण ती आता माझ्या वयाची झालीय. विजेवर चालते तेव्हा मोटरच्या वेगाला हद्द असते. वीजच तिला त्यापुढे जाऊ देत नाही. पाण्याला कसली हद्द? वर जितकं साठलंय, तितकं पळवणार. बेअरिंग जातं, आतल्या तारा सुटून येतात. आणि अशा उलट्या पळणाऱ्या मोटरला तू सुलटी वीज दिलीस, तर मधला दांडा पिळवटून तुटतो. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. हात ठेव."

त्यांनी माझा तळहात पाइपवर टेकवला. गार लोखंड आतून थरथरत होतं. दमून आलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवला की असं वाटतं. हळूहळू ती थरथर बारीक होत गेली, मग हाताला काहीच लागेना. रेघ उभी राहिली.

"आता दाब."

लाईट गेली की आधी पाइपवरचा चाकाचा व्हॉल्व्ह आवळून बंद करायचा, मग हात ठेवून थांबायचं, मग बटण, आणि मग व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, हे त्यांनी मला नंतर शिकवलं. शिकवलं तरी ते स्वतः खाली यायचेच.

इमारतीला हे थांबणं पसंत नव्हतं. तुम्ही पुण्यात राहिला असाल तर ही नापसंती कशी व्यक्त होते ते तुम्हाला ठाऊक असेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन गॅलरीत उभ्या राहत.

"अहो, पाणी परत जातंय म्हणता, ते जातं तरी कुठे? माहेरी?"

"हो," काका वर न बघता म्हणत. "पोचलं की कळवतं. तोवर थांबा."

"मग एकदा पोचवूनच या ना तुम्ही!"

काकांचा हात वरच. हसू फक्त मला दिसायचं.

नोकरीत असताना काका शहराला पाणी पुरवणाऱ्या एका पंपिंग स्टेशनवर इंजिनिअर होते. नदीचं पाणी उचलून टेकडीवरच्या टाकीत नेणं हे त्यांचं काम. निवृत्तीच्या समारंभाची गोष्ट ते मजेत सांगत. साहेब भाषणाला उभे राहिले आणि अडकले. कुणी पूर आल्यावर रात्रभर पाण्यात उभं राहिलेलं असतं, कुणी आग विझवलेली असते. यांच्या नावावर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, "यांच्या कारकिर्दीत काहीही झालं नाही." लोक हसले. काका म्हणाले, "त्यांनी चेष्टेत म्हटलं असेल. मला मात्र वाटलं, एवढं बरोबर आजवर कुणी बोललं नव्हतं."

एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवरून ते स्टेशन दाखवायला नेलं. फाटकावरच्या माणसाने त्यांना अजून सलाम केला. आम्ही आत गेलो. माझ्यापेक्षा उंच मोटरी, देवळातल्या खांबांसारख्या ओळीने उभ्या. पायाखालची फरशी एकसारखी गुणगुणत होती. भिंतीतून बाहेर गेलेल्या नळातून आमच्या गावची बैलगाडी सहज गेली असती. मी भूगोलाचा विद्यार्थी. पाणी उताराकडे वाहतं हे मी परीक्षेत अनेकदा लिहिलं होतं. इथे ते चढावर जात होतं, आणि त्यासाठी केवढं बळ लागतं ते पहिल्यांदाच अंगाला कळत होतं.

तिथल्या माणसांनी एक मोटर नेहमीप्रमाणे बंद करायला घेतली. काकांनी माझा दंड धरला. "काही बोलू नको. ऐक."

घरघर उतरत गेली. मग मोटरच्या डोक्यातून आवाज आला. टक. टक. टक.

"पिना पडतायत," ते हळूच म्हणाले. मोटर सुलटी पळत असते तेव्हा आतल्या छोट्या लोखंडी पिना वर उचललेल्या राहतात. वेग उतरला की खाली पडतात. पाण्याने मोटरला उलटं फिरवायचा प्रयत्न केला, तर त्या खालच्या दात्यांत अडकतात आणि तिला हलूच देत नाहीत.

शेवटची टक झाली आणि मोटर जागच्या जागी उभी राहिली. मोठा व्हॉल्व्ह अजून पूर्ण मिटला नव्हता. टेकडीपर्यंतचं सगळं पाणी त्या क्षणी परत यायला बघत होतं, आणि ते बोटाएवढ्या पिनांवर अडलं होतं. काकांकडे पाहिलं तर त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. इतकी वर्षं रोज ऐकलेला आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकला.

परत येताना मी विचारलं, "आपल्या मोटरला पिना नाहीत?"

"नाहीत. म्हणून मी आहे."

पुढच्या हिवाळ्यात काकांना छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलात हलवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलीचा साखरपुडा होता. अंगणात आचाऱ्यांची भांडी, जिन्यात पाहुणे. दुपारी मी पंप चालू केला आणि टाकी जेमतेम भरत आली तोच लाईट गेली.

नेहमी मोटर थांबायची, मग रेघ आळसावल्यासारखी उलटी फिरू लागायची. त्या दिवशी ती दिसेचना. दांडा नुसता करडा दिसत होता. मोटरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला आणि चढतच गेला. जुनी झडप उघडीच अडकली होती आणि अख्खी टाकी मोटरवर उतरत होती. मी व्हॉल्व्हचं चाक धरलं. ते जड होतं, काका ते दोन्ही हातांनी फिरवायचे.

तेवढ्यात लाईट आली. सेक्रेटरी धावत शेडमध्ये आले. "टाकी रिकामी होतेय! लाईट आलीय, बटण दाब!"

त्यांचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. पाणी खाली येतंय, तर पंप लावून वर ढकला. मीही पहिल्या दिवशी तेच करायला निघालो होतो. ते पुढे झाले, हात बटणाकडे गेला.

मी चाक सोडून मध्ये उभा राहिलो. "थांबा! पानी परत जातंय! कुनी हात लावायचा न्हाई!" वर्षभर घासून बसवलेली भाषा कुठल्या कुठे गेली.

"बाजूला हो. मोटरला काही झालं तर खोली सोडायचीस, माहितीय ना?"

"माहितीय. म्हनूनच."

ते इतके चकित झाले की हात तिथेच राहिला. मी पुन्हा चाकाला भिडलो. वरून लोक ओरडत होते, आचारी पाणी मागत होते, ती शिट्टी कानात घुसत होती. चाक बसत गेलं तशी शिट्टी उतरली. करड्या दांड्यावर पुन्हा रेघ दिसू लागली. मी पाइपवर हात ठेवला. थरथर हळूहळू बारीक होत गेली. मग सगळं शांत झालं आणि मी बटण दाबलं. मोटर चालली.

पण टाकी पुन्हा भरेपर्यंत पंगत खोळंबली. पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून सेक्रेटरींनी मला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं.

मी हॉस्पिटलात गेलो. काका उशीला टेकून बसले होते. "इमारतीत काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगणार होतो. तोंडून निघालं, "काही नाही झालं, काका."

माझ्या तळहातांवर चाकाचे वळ होते, ते त्यांनी पाहिले असावेत. मग मीच खोलीचं सांगितलं.

"वाईट वाटून घेऊ नको," ते म्हणाले. "दांडा तुटला असता तर सगळ्यांना पटलं असतं." आणि पाइपवर ठेवायचे तसा त्यांनी माझ्या पाठीवर हात सपाट ठेवला. बराच वेळ ठेवला.

खोली राहिली. काकूंनी सेक्रेटरींना जिन्यातच गाठलं. "मुलाला घालवताय ते ठीक. पहाटे उठून टाकी तुम्ही भरणार का?" तो विषय तिथेच संपला. मेकॅनिकने जुनी झडप काढून नवी बसवली.

काका मात्र घरी आले नाहीत.

त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून एका संध्याकाळी सगळे जमले. दोन शब्द बोलावेत म्हणून सेक्रेटरी उठले. "त्यांनी आपल्या इमारतीसाठी..." एवढं म्हणाले आणि अडकले. काय केलं ते कुणालाच सांगता येईना. मला येत होतं. मी उठू लागलो.

तेवढ्यात लाईट गेली. मागे पंप चालू होता, तो उतरत थांबला. मी सवयीने शेडमध्ये गेलो, व्हॉल्व्ह आवळला आणि पाइपवर हात ठेवला. नवी झडप पक्की होती. पाइपात काही हलत नव्हतं, हात ठेवायची आता गरजच नव्हती.

लाईट आली. मी वाट पाहिली, पण "पंप लावा" असं कुणी ओरडलं नाही. सगळे सतरंजीवर तसेच बसून होते. माझा दुसरा हात बटणाकडे गेला, तेव्हा काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच हळू.

"थांब रे. अजून पोचलं नसेल."

मी हात खाली घेतला.