हिवाळ्याची पैज

बाबांनी आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. सगळी नोकरी बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली, त्यामुळे जोखीम म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. अशा माणसाने न्यूझीलंडमध्ये, हेन्डरसनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, पोहे खाता खाता, मला गोल्फवर पैज लावायला सांगितलं, तेव्हा त्यांना ताप तर आला नाही ना, असंच मला आधी वाटलं.

आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून इथे आणलं. आणलं म्हणजे भांडून आणलं. आल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "मी पाहुणा आहे, थंडीच्या आत परत जाणार." इथली थंडी जूनमध्ये पडते. बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच कुकर लावताहेत, हे चित्र काही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. विषय काढला की आमचं वाजायचं. दोघांचा स्वभाव एकच, माघार घेणं जिवावर येतं.

गोल्फचं खूळ शेजारच्या आजोबांनी डोक्यात भरवलं. हे गृहस्थ बारा महिने जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरतात आणि कुंपणापलीकडून 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत गप्पा सुरू करतात. एक दिवस ते बाबांना जवळच्या गोल्फ कोर्सवर घेऊन गेले. बाबा चिखलाचे बूट घेऊन परत आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, भलताच खेळ आहे. ज्याचे फटके कमी, तो जिंकतो." मग रविवारी अवोन्डेलच्या बाजारातही दोघं जोडीने जाऊ लागले. मेथीच्या जुडीवर बाबा तिथल्या बाईंशी हुज्जत घालायचे आणि आजोबा पिशवी धरून उभे राहायचे.

एप्रिलमध्ये अमेरिकेत गोल्फची एक मोठी स्पर्धा असते, दरवर्षी त्याच मैदानावर. जिंकणाऱ्याला हिरवा कोट घालतात. आजोबांनी तिच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक दिलं आणि बाबांनी ते कर्जदाराची फाइल वाचावी तसं वाचलं. त्यानंतर रोज जेवताना आम्हाला धडे. महायुद्धात स्पर्धा बंद होती तेव्हा त्या मैदानावर गुरं चरायला सोडली होती. पहिल्यांदा खेळायला आलेला माणूस तिथे जवळजवळ कधीच जिंकत नाही, कारण तिथले उतार कळायलाच वर्षं जातात. माझी मुलगी म्हणाली, "आबा, यू नो हीप्स," म्हणजे इथल्या बोलीत 'तुम्हाला ढीगभर माहितीय', आणि बाबा चक्क लाजले.

तर पोहे. बाबांनी एका खेळाडूचा फोटो माझ्यापुढे सरकवला. चाळिशी उलटलेला, त्या मैदानावर बरीच वर्षं घालवलेला.

"हा माझा माणूस. हा जिंकला तर मी मे महिन्यात पुण्याला जाणार आणि तू चकार शब्द काढायचा नाहीस. हरला तर मी हिवाळा इथे काढतो."

"आणि बाकीचे सगळे माझे?"

"सगळे तुझे."

मी लगेच हात पुढे केला. शंभराच्या आसपास खेळाडू, त्यातला एक त्यांचा. इतका सोपा सौदा मला कधी मिळाला नव्हता, आणि मी दिवसभर गाणी गुणगुणत होते.

पण तो गडी जिंकायलाच निघाला. पहिल्या दिवशी वरच्या दहांत, दुसऱ्या दिवशी आणखी वर. माझा नवरा रोज अमेरिकेतल्या लोकांबरोबर मीटिंगा लावतो, त्याने शेवटचा दिवस बघायला रविवारी सकाळी सगळ्या मित्रमंडळींना बोलावलं. मिसळ झाली, मठ्ठा झाला, आणि टीव्ही लावल्यावर कळलं की तिकडे अजून शनिवार आहे. घरात चार आयटीवाले होते, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बाबा पोट धरून हसले. मी हसले नाही, कारण त्यांचा माणूस दुसऱ्या नंबरवर आला होता.

सोमवारी आम्ही घरचेच होतो, शिवाय आजोबा बिस्किटांचा पुडा घेऊन आलेले. नवरा घरून काम करत होता, म्हणजे करत नव्हता. मुलीला सुट्टी होती. शेवटच्या होलपर्यंत गोष्ट अशी आली की बाबांच्या माणसाचा एक छोटा फटका उरला. चेंडू आत गेला तर बरोबरी आणि खेळ पुढे चालू, बाहेर राहिला तर तो हरला. नवरा, मुलगी आणि आजोबा, सगळी घरभेदी मंडळी बाबांच्या बाजूने ओरडत होती.

मला बघवेना. मी सोफ्यावर बाबांना खेटून बसले होते, डोळे घट्ट मिटून घेतले. आणि शेजारून अगदी हळू आवाज आला.

"चुकव रे. चुकव."

मी डोळे उघडले. बाबा पुढे झुकून, मुठी आवळून पडद्याकडे बघत होते. मी ऐकलंय हे त्यांना कळलंही नाही. चेंडू होलच्या कडेला लागला, वळला आणि बाहेर थांबला.

"अरेरे!" बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आजोबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी पडेल चेहरा करून माझ्याकडे बघितलं. "हरलो गं. आता काय, शब्द दिलाय. थांबावं लागणार."

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण इतका आनंद झाला होता की या वेळी सोडून दिलं. "हो, आता इलाज नाही," एवढंच कसंबसं म्हणाले आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाले. नळ सोडून मी मनसोक्त रडले, हसलेही.

नळ बंद केला तेव्हा बाहेर बाबा त्यांच्या बँकेतल्या इंग्रजीत आजोबांना विचारत होते, जूनमध्ये कोर्स किती वाजता उघडतो.