त्या रिमला टायरच नव्हता

माझ्या नवऱ्याला टक्केवारी येत नाही, हे मला लग्नानंतर लगेचच कळलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आकडे मी बघायचे, बोलायचं तो. आणि बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हर, हॉर्न, स्टेअरिंगची कव्हरं. अलॉय व्हील, म्हणजे चकचकीत धातूच्या रिम, ठेवूया, त्याही रुंद आणूया, हल्लीच्या पोरांना तेच हवंय, हे माझं डोकं.

मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. बाबांचा मासळीचा टेम्पो होता. टायरच्या अंगावर कोरलेलं वाचायला त्यांनीच शिकवलं. समजा लिहिलंय १८५, ६५, १५. तर १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती त्या रुंदीच्या पासष्ट टक्के. आणि १५ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचात. लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं, रिम मोठी आणि रुंद घेतली की टायर मिळेल तो चढवायचा. तसं नसतं. रिम एक इंचाने वाढली तर टायरची भिंत त्या मानाने कमी करावी लागते, म्हणजे चाकाची एकूण उंची कंपनीने दिली होती तेवढीच राहते. नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो, नाहीतर वळताना टायर मडगार्डला घासतो. शिवाय रिमच्या रुंदीला टायरची रुंदी मानवली पाहिजे. रुंद रिमवर अरुंद टायर ओढून बसवला की त्याची भिंत तिरकी ताणली जाते आणि एखाद्या खड्ड्यात टायरची कड रिमवरून निसटते. निसटली की हवा एका क्षणात जाते.

हे सगळं मी दुकानाच्या आतल्या केबिनमध्ये बसून करायचे. गिऱ्हाईक आलं की तो गाडीचा नंबर बघितल्यासारखं करायचा, रिमवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "एक मिनिट हं, आत स्टॉक बघून येतो." आत यायचा, मला गाडी आणि रिम सांगायचा. मी फोनवर गणित करून साइज सांगायचे. बाहेर जाऊन तो तीच साइज अशा थाटात बोलायचा, की गिऱ्हाईक त्याला "मास्टर" म्हणायला लागलं. त्या रस्त्यावर सगळे त्याला मास्टर म्हणायचे. मला कुणी काही म्हणत नव्हतं, कारण मी कुणाला दिसतच नव्हते.

पुढे त्याला दुसरी कुणी आवडली. ते मी पचवलं असतं, खरंच सांगते. घटस्फोटही मुकाट्याने दिला असता. पण कोर्टात त्याच्या वकिलाने त्याचं म्हणणं वाचून दाखवलं. "अर्जदाराच्या पत्नीचा सदर व्यवसायात कोणताही सहभाग नव्हता. ती अधूनमधून दुकानात डबा घेऊन येत असे."

डबा घेऊन.

मी त्याच्याकडे बघितलं. तो मोबाइल बघत होता. त्या दिवशी मला रडू आलं नाही. आत काहीतरी घट्ट बसलं, नटबोल्ट आवळल्यासारखं. मी ठरवलं, या माणसाच्याच तोंडून, चार लोकांत, खरं वदवून घ्यायचं. दुसरं मला त्याच्याकडून काही नको होतं.

दिंडोशीला एका मालवणी काकींचं व्हील अलाइनमेंटचं दुकान होतं. त्यांचे यजमान गेल्यावर त्या स्वतःच चालवायच्या. मी काम मागायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय काय येता तुका?" मी म्हटलं, "टायरची साइज कधी चुकत नाही." त्यांनी बाहेर उभ्या गाड्यांवरून मला फिरवलं, प्रत्येकीची रिम दाखवून विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, "उद्यापासून ये गो."

मला वाट बघावी लागेल हे माहीत होतं, पण फार बघावी लागली नाही. तो आता अंदाजाने टायर विकत होता आणि त्याचे अंदाज अलाइनमेंटला आमच्याकडे यायला लागले होते. एकाची गाडी घाटकोपरहून आली, मागचे टायर मडगार्डला घासून कडेने सोललेले. मुलुंडच्या एकाला स्टेअरिंग पूर्ण वळवताच यायचं नाही. मी विचारायचे, "कुठून घेतले?" ते त्याच्या दुकानाचं नाव सांगायचे. माझ्या पोटात गार पाणी गेल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकाचं वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण आधी ते गार पाणी.

सोललेले टायर मी भंगारात जाऊ देत नव्हते. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर खिळे ठोकून टांगायचे. वर काही लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं तर मी सांगायचे कुठले आहेत ते. काकी एकदा म्हणाल्या, "भिंत भरत इली गो."

"भरू दे," मी म्हटलं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. कोर्टानंतर पहिल्यांदाच.

"एक साइज सांग ना," तो म्हणाला. जसं काही मधे काही झालंच नाही.

मी हातातला पाना खाली ठेवला.

"अरे यार, वाट लागलीये माझी. एकाला आठ इंच रुंद रिम दिली होती, सोळाची. त्याच्या मुलीने गाडी नेली आणि फ्लायओव्हरच्या वळणावर टायर निसटला. डिव्हायडरला धडकली. कॉलरबोन मोडलंय पोरीचं. तो माणूस रोज दुकानात येऊन बसतोय. म्हणतो, बरोबर टायर लावून दे, नाहीतर पोलिसांत जातो. तू फक्त साइज सांग, मी सांभाळतो."

मी सांगू शकले असते काहीही. एक चुकीचा आकडा, आणि त्याचं दुकान कायमचं बंद. तो आकडा माझ्या जिभेवर आलाही होता. पण त्या गाडीत पुन्हा तीच मुलगी बसणार होती, आणि मला तिचं काही वाकडं करायचं नव्हतं. शिवाय, आणि हेही तितकंच खरं, फोनवर मला त्याचं तोंड दिसलं नसतं.

"त्यांना घेऊन ये इकडे," मी म्हटलं. "रिमही आण. तू स्वतः ये."

"तिकडे कशाला? लोकांसमोर..."

"लोकांसमोरच."

शनिवारी सकाळी दोघं आले. गाडी साधी सेडान, दुरुस्त होऊन कंपनीच्या मूळ चाकांवर उभी. अलॉय डिकीत आणि मागच्या सीटवर. गिऱ्हाईक पन्नाशीचे, बोरिवलीचे, शांत गृहस्थ. त्या शांतपणाचीच भीती वाटत होती. शनिवार म्हणून दुकानात गर्दी होती. मी चारही अलॉय मधोमध जमिनीवर ठेवायला लावली. एकावरचा टायर फाटलेला, बाकीच्या तिघांवर शाबूत, पण त्यांच्या भिंती अशा ताणलेल्या की रिमची कड बाहेर डोकावत होती.

"हा कुठला टायर बसवलाय?" मी त्याला विचारलं. तो आकडा त्याच्या तोंडून यायला हवा होता.

"एकशे पंचाऐंशी. पंचावन्न. सोळा."

"एकशे पंचाऐंशीच का?"

"कंपनीचा तोच होता ना."

"कंपनीची रिम किती रुंद होती?"

तो गाडीच्या मूळ चाकांकडे बघायला लागला. बाजूचे लोक आपापल्या गाड्या सोडून बघायला लागले होते.

"आठ इंचाच्या रिमला कमीत कमी किती रुंद टायर लागतो?"

तो हसला. गिऱ्हाइकासमोर हसायचा तसं. "आता असं काय परीक्षा घेतेस..."

"सांगा ना, मास्टर," ते गृहस्थ म्हणाले. हळूच म्हणाले.

मी माझ्या आयुष्यात इतका गोड शब्द ऐकलेला नाही.

तो रिमकडे बघत राहिला. कपाळावर घाम. उजवा हात रिमवर थाप मारायला पुढे आला आणि मधेच थांबला. मी त्याला मदत केली नाही. मला घाई नव्हती. मी उभी राहिले आणि बघत राहिले.

शेवटी मी त्या गृहस्थांकडे वळले. "साहेब, या रिमला तुमच्या गाडीत चालेल असा टायरच नाही. दोनशे पंधरा, पन्नास लावला तर उंची अगदी बरोबर जुळते, पण तोही आठ इंचाला अरुंद पडतो. दोनशे पंचवीस रिमवर नीट बसेल, पण मग चाक इतकं रुंद होतं की तुमच्या गाडीत घासणार. रिमच चुकीची आहे. साडेसहा इंचाची घ्या, सोळाचीच. त्यावर एकशे पंच्याण्णव, पंचावन्न. उंची कंपनीइतकी, भिंत सरळ. फक्त टायरवरचा वजन पेलण्याचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको, तो मी बघून देईन."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला हे कसं माहीत, ताई?"

"ते यांना विचारा."

तो खाली बघून पुटपुटला, "ही आधी माझ्या दुकानात असायची."

"डबा घेऊन?" मी विचारलं.

दुकानातली मशीन चालू होती. मी कारागिराला ती बंद करायला सांगितली.

"काय करायचे मी? मोठ्याने सांग."

त्याने इकडेतिकडे बघितलं. त्याच्या रस्त्यावरचा एक रंगवालाही गर्दीत होता, त्याला मास्टर म्हणणारा. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "साइज हीच काढायची. सगळ्या. मला येत नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण "च्यायला" म्हणाला, एवढंच. त्या गृहस्थांनी त्याला अलॉय परत न्यायला सांगितली. ती त्याने स्वतः उचलली, एकेक करून, रस्त्यावर रिक्षा थांबवून तिच्यात भरली. कारागीर मदतीला निघाला तर मी त्याला हाताने अडवलं.

त्यानंतर त्याने रिम विकणं बंद केलं. रंगवाल्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आता तिथे पुन्हा सीट कव्हर आणि हॉर्न. बोरिवलीचे गृहस्थ मात्र आले, साडेसहाच्या रिम बसवून घ्यायला, मुलीला घेऊन. तिचा हात झोळीत होता. मी सगळं बसवून झाल्यावर तिला स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून दाखवलं. कुठेच घासलं नाही.

लोक म्हणतात सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो. मी नाही झाले. त्या शनिवारी संध्याकाळी मी वेसाव्याला आईकडे गेले. ती अंगणात बसून बोंबील साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिने कोयता बाजूला ठेवला, पदराला हात पुसले.

"घाम आलेला त्याला?"

"आलेला."

"आणि रिम त्याने एकट्याने उचलल्या?"

"एकट्याने."

ती जरा सरकून बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग गो, सावकाश."