शिळे हुकूम

पांडुरंग खोतांनी सदतीस वर्षं हवाई दलात रेडिओ दुरुस्त केले आणि निवृत्तीनंतर ते चंदीगडलाच राहिले. गाव जत तालुक्यातलं. तिथे भावाचं घर होतं, विहीर होती, पण मुलगी रेवा इथल्या कॉलेजात शिकत होती आणि बायको पद्मिनीबाईंना सत्तेचाळीस सेक्टरातलं भाड्याचं घर आता सोडवत नव्हतं. घरी बसून दोन महिन्यांत खोतांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे मिक्सर आणि गीझर उघडून पुन्हा बंद केले. मग कुणाच्या तरी ओळखीने आयटी पार्कमधल्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं. काम होतं रोबोट चालवायचं.

रोबोट म्हणजे कमरेएवढं उंच, चाकांवरचं कपाट. एका धर्मादाय रुग्णालयात तो रक्ताच्या नळ्या घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमधून पलीकडच्या लॅबमध्ये जाई. मोकळ्या जागेत तो आपला आपण चाले. पण सकाळच्या गर्दीत चहूकडून पायच पाय दिसले की बावचळून जागीच उभा राही. म्हणून हॉलपुरतं त्याला माणसाने चालवायचं ठरलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खोत टेबलाशी बसत, खाली नजर ठेवत आणि हातातल्या रिमोटची कांडी अंगठ्याने हलवत. मध्ये तार नाही, हुकूम रेडिओवरून जाई. आयुष्यभर रेडिओच हाताळलेल्या माणसाला यात अवघड ते काय?

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, हॉलमध्ये तीनेकशे माणसं होती. हिमाचलातल्या मंडी-बिलासपूरकडून आलेले म्हातारे, पंजाबातल्या संगरूरच्या बायका, कडेवर पोरं, हातात फाइली. बाकांच्या थोडं आधी खोतांनी कांडी उजवीकडे दाबली. रोबोट सरळच गेला. त्यांनी आणखी दाबली, मग घाबरून सोडून दिली. आणि तेव्हा, सगळं सोडून दिल्यावर, रोबोट उजवीकडे वळला आणि बाकावरच्या एका म्हाताऱ्याच्या नडगीवर जाऊन आदळला. कप्पा उघडला. बारा नळ्या फरशीवर फुटल्या.

खोत जिना उतरून धावत खाली गेले. म्हातारा पाय चोळत म्हणाला, "कोई गल नहीं जी." म्हणजे काही बिघडलं नाही; त्याला खरंच फार लागलं नव्हतं. पण फुटलेल्या नळ्यांतली एक चारेक वर्षांच्या मुलीची होती. तिची शीर आधीच तीनदा टोचून कशीबशी सापडली होती. आता पुन्हा टोचावं लागणार होतं. मुलीला ते कळलं आणि तिने आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. खोतांनी तिच्या आईची माफी मागितली. ती मुलीला कडेवर घेऊन पुन्हा रक्त काढायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी कंपनीत कुणालने संगणक उघडला. कुणाल नाशिकचा, तिशीचा, कंपनी त्याचीच. खोत त्याला सवयीने साहेब म्हणत आणि तो दर वेळी अवघडून जाई.

"काका, रोबोट आतल्या आत सगळी नोंद ठेवतो," तो म्हणाला. "हे बघा. अकरा वाजून चार मिनिटं, नऊ सेकंद: उजवीकडे. आणि त्याच क्षणी तो उजवीकडे वळलाय. तुम्ही सांगितलं तेच केलं त्याने."

"मी सांगितलं ते बाकाच्या आधी, साहेब. तो वळला बाकापाशी."

"नोंदीत तसं दिसत नाही."

खोत पडद्याकडे बघत राहिले. नोंद स्वच्छ होती. प्रत्येक हुकूम ओळीने आलेला, प्रत्येक पाळलेला. मग त्यांना आठवत होतं ते काय होतं?

"गर्दीत कुणाचाही हात अडखळतो," कुणाल हळूच म्हणाला. "त्यात चूक नाही काही."

त्या रात्री जेवताना खोतांचं लक्ष आपल्या उजव्या हाताकडेच होतं. त्यांच्या वडिलांचा हात साठीला कापायला लागला होता. सुरुवातीला कुणालाच कळलं नव्हतं, फक्त चहा बशीत सांडायचा. खोत आता सत्तावन्नचे होते. जेवण झाल्यावर त्यांनी रेवाला तिची मोजपट्टी आणायला सांगितली.

"वरून उभी धर आणि न सांगता सोड. मी पकडतो."

रेवा मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच देई. "क्यों बाबा? हुआ क्या?"

"सोड तर."

तिने वीस वेळा पट्टी सोडली. खोतांनी बहुतेक वेळा ती अठरा-एकोणीस सेंटीमीटरवर पकडली. मग त्यांनी तिला पकडायला लावलं, तर ती एकवीसवर.

"आप तो मुझसे भी फास्ट हो," ती म्हणाली. त्यांना तेवढ्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हात ठीक आहे, तर मग डोकं? आपण दाबलं असं वाटतं आणि दाबलेलं नसतं, असंही होत असेल का म्हातारपणी? पद्मिनीबाईंना हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

रविवारी हॉल बंद असतो. कुणालने त्या दिवशी चाचणी ठेवली. खोतांनी रिकाम्या बाकांमधून रोबोट चाळीस वेळा नेला-आणला. एकदाही चुकला नाही. कांडी हलवली की चाकं हलत, सोडली की थांबत. कुणाल खूश झाला आणि खोतांचा गोंधळ दुप्पट झाला. यंत्र ठीक, हात ठीक, नोंद ठीक. उरलं काय? उरले ते स्वतः, गर्दीतले. घरी जाताना त्यांनी स्कूटर रॉक गार्डनच्या बाजूने उगाच लांबून नेली आणि नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवून टाकलं.

सोमवारी ते सांगायलाच गेले होते. पण कुणाल यायचा होता आणि सॉफ्टवेअर बघणारी हिमानी एकटीच डबा उघडून बसली होती. ती अमरावतीची. कुणी आपल्याकडचं भेटलं की तिची जीभ सैल सुटे. तिने नोंद पुन्हा दाखवली आणि खोतांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, विचारलं:

"हिमानी, ही वेळ कोणाच्या घड्याळातली गं?"

"रोबोटच्या."

"म्हणजे त्याला हुकूम मिळाला ती वेळ."

"हो."

"मी दिला ती नव्हे."

हिमानीचा घास हातातच राहिला. "ती आपण लिहीतच नाही, काका," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिने रिमोटमध्ये वेळ टिपायची सोय केली आणि रोज सकाळी दोन्ही घड्याळं जुळवायला सुरुवात केली. सकाळी आठला हुकूम दिल्यापासून मिळेपर्यंत डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ जात नव्हता. दहाला थोडा वाढला. अकराला एकदा पावणेदोन सेकंद लागले. खोतांनी तो आकडा तीनदा वाचला. मग खुर्चीवर बसून पाणी मागितलं.

पण सुटका झाली तरी उलगडा कुठे झाला होता? सदतीस वर्षांत त्यांनी रेडिओ बंद पडलेले पाहिले होते, खरखरलेले पाहिले होते. उशिरा बोललेला पाहिला नव्हता.

"इथे रेडिओलहरींच्या एकाच पट्ट्यात सगळेच बोलतात," हिमानीने सांगितलं. "तीनशे मोबाइल, औषधाच्या काउंटरचं वायफाय, बिलाची यंत्रं, लोकांच्या कानातले बिनतारी हेडफोन. शिवाय माणसाच्या अंगात पाणी, ते सिग्नल पिऊन टाकतं. आपला अँटेना कमरेइतका, म्हणजे चहूकडून माणसांची भिंत. शब्द वाटेत हरवला की रेडिओ तो पुन्हा पाठवतो. पोचेपर्यंत पाठवत राहतो. मागचे रांगेत थांबतात."

"म्हणजे मी उजवीकडे म्हटलं ते अडकलं. मग थांब म्हटलं ते त्याच्या मागे."

"हो. आणि वाट मोकळी झाली की रोबोट सगळे एकेक करून पाळतो. इमानाने."

खोत म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ असायची. मुदत टळून गेल्यावर आलेला हुकूम कितीही मोठ्या साहेबाचा असो, पाळायचा नाही. कारण तोवर जमिनीवर सगळं बदललेलं असतं. याला एवढंच शिकवता येईल का?"

येत होतं. पाव सेकंदापेक्षा जुना हुकूम रोबोटने टाकून द्यायचा, आणि तेवढ्या वेळात ताजा काही आलाच नाही तर आहे तिथे थांबायचं. अँटेना एका काठीवर माणसांच्या डोक्यांच्या वर नेला आणि टोकाला भगवं फडकं बांधलं, म्हणजे गॅलरीतून रोबोट कुठे आहे तेही दिसे. एक पंजाबी आजोबा ते गुरुद्वाऱ्याचं निशाण समजून हात जोडून बाजूला झाले.

कुणालने चहाच्या यंत्रापाशी खोतांना गाठलं. "काका, मी नोंद बघून बोललो होतो."

"नोंद खरीच होती, साहेब. तिथेच तर माझं डोकं चालेना."

रोबोट पुन्हा कुणाला धडकला नाही. पण गर्दीच्या वेळी तो आता सारखा थबके. दोन पावलं, थांब, पाच पावलं, थांब. सकाळच्या चौदा फेऱ्यांच्या नऊ झाल्या. रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका रागिणीजी गॅलरीत येऊन म्हणाल्या, "पहले कम से कम चलता तो था."

"पहले गलत चलता था, मैडम."

त्यांना ते पटलं की नाही हे खोतांना कळलं नाही. शेवटी असं ठरलं, की साडेदहा ते साडेबारा नळ्या परिचारिकांनीच न्यायच्या आणि बाकी वेळ रोबोटने. कुणालला ही हार वाटली. खोतांना काय वाटलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

आणि मग एका गुरुवारी दुपारी अडीचला, हॉलमध्ये जेमतेम सहा माणसं असताना, रोबोट मधोमध तीन सेकंद थांबला आणि काही झालंच नाही असा पुढे निघाला. हिमानीने दोन्हीकडच्या नोंदी तपासल्या. रिमोटने हुकूम दिले होते. रोबोटला एकही मिळाला नव्हता. तिने आसपासचे सगळे रेडिओ धुंडाळले, लिफ्टची मोटर बघितली, तळघरातल्या एक्स-रेच्या खोलीत जाऊन आली.

"काहीच सापडत नाही, काका."

"असं कसं? कुठेतरी असणारच."

"असेल. मला माहीत नाही."

पुढचे दोन दिवस खोत अडीचला हातात घड्याळ घेऊन बसले. काही झालं नाही. आयुष्यभर त्यांनी दोष शोधला की तो बोटाखाली सापडे: तुटकी तार, सोल्डरचा सुटलेला टाका. हा दोष कुठे बोट ठेवून दाखवण्यासारखा नव्हताच. तो येऊन गेला होता आणि मागे काही ठेवलं नव्हतं. तसं पुन्हा घडलेलं नाही, आणि का घडलं होतं हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही. खोत रोज सकाळी आठला गॅलरीत जातात, दोन्ही घड्याळं स्वतः जुळवतात आणि पहिली फेरी जरा हळूच नेतात.