आई ओटीपी वाचते तेव्हा

“आई, मोठ्यांदा! आकडे वाच! नुसते आकडे!”

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी, मी फोनवर असा ओरडलो की पलीकडे मुसफ्फाच्या गॅरेजांत उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांचे अलार्म सुरू झाले. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी मुसफ्फात जाऊन विचारावं.

“हळू,” बायको म्हणाली. “खालचा इजिप्शियन वर येईल.”

तो मागच्या वर्षी खरंच आला होता. भांडायला आला, दारात उभा राहून आईचा आवाज ऐकला, ओटीपी लागल्यावर आमच्याबरोबर टाळ्या वाजवल्या आणि चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, “हबीबी, युवर मदर, माशाल्ला.”

आता हे टाळ्यांचं प्रकरण काय ते सांगतो.

इथे पगारावर टॅक्स नाही. आमच्यातले निम्मे लोक त्याचसाठी इथे भाजून निघतात. पण माझा पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे, त्यामुळे जुलै आला की इंडियाचं रिटर्न भरावंच लागतं. ते भरतो आमच्या समोरच्या दारातला वसईकर. माणूस एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये आहे, पण जुलैत तो अख्ख्या बिल्डिंगचा सीए होतो. फी म्हणून फक्त पुरणपोळ्या घेतो, आणि इतक्या घरांतून घेतो की ऑगस्टमध्ये त्याला पँट्स बदलाव्या लागतात. सबमिट दाबण्याआधी तो क्रुसाची खूण करतो. तेव्हा मीही मनातल्या मनात गणपतीचं नाव घेतो. सरकारी वेबसाइट आहे, दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा.

सगळं भरून झालं की शेवटी एकच पायरी उरते. ओटीपी. तो येतो आधारला जोडलेल्या इंडियाच्या नंबरावर, आणि इंडियाचा नंबर इंडियातच असतो. इकडे राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. त्याचं जुनं सिमकार्ड कुणाच्या तरी आईच्या घरी, बटणांच्या फोनमध्ये, देवघराशेजारी चार्जिंगला लावलेलं असतं. तो फोन वाजला तर उचलायचा नाही. त्यावर फक्त ओटीपी येतात, आणि आया ते वाचून दाखवतात. गल्फमधल्या आमच्या सगळ्या बँका, पॉलिस्या आणि रिटर्नं अशी आयांच्या चष्म्यावर चालतात.

माझा फोन सांगलीला होता. आणि माझी आई काही साधी वाचणारी नव्हती. महिला मंडळात हौजीचे आकडे पुकारायचं काम गेली कित्येक वर्षं तिच्याकडे. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या डोहाळजेवणाला, आकडे आईनंच पुकारायचे. तिनं पुकारलं की समोरच्या बायका हातातले शेंगदाणे खाली ठेवायच्या. माझा ओटीपीही ती तसाच पुकारायची. “चार नि सात, सत्तेचाळीस! एक नि दोन, बारा!” तीन जोड्या झाल्या की काम फत्ते. वेग असा, की काही वेळा मेसेज यायच्या आधीच आई आकडे सांगून मोकळी झालेली असायची. वसईकर म्हणायचा, “अरे बाबा, सर्व्हर स्लो आहे, मम्मीला थांबव.”

मागच्या वर्षी सांगलीत म्हाताऱ्या माणसांना फसवणारे फोन यायला लागले, तेव्हा मी आईला शिकवणी लावली. ओटीपी फक्त मला सांगायचा. दुसरं कुणीही असो, बँक असो, पोलीस असो, नाही म्हणजे नाही. परीक्षा घ्यायला मी आवाज बदलून फोन करायचो. “नमस्कार आजी, मी बँकेचा मॅनेजर बोलतोय.” मी नाकातून बोललो, खर्जात बोललो, एकदा हिंदीतून बोललो. एकदाही फसली नाही.

“बोल मॅनेजर,” म्हणायची. “जेवलास का?”

तर यंदा, रिटर्नच्या आठवड्यातच, पुण्याहून ताईचा फोन आला. आई गॅस सुरू ठेवून देवळात गेली होती. शेजारणीनं कुलूप तोडलं. शिवाय दोनदा ती भाजी आणायला गेली आणि रिक्षावाल्याला घर सांगता आलं नाही.

“मी तिला माझ्याकडे आणते,” ताई म्हणाली.

ताईचं घर बाराव्या मजल्यावर. ती आणि भाऊजी दोघंही दिवसभर ऑफिसात. म्हणजे आई दिवसभर कुलपाआड, खिडकीतून समोरच्या टॉवरच्या खिडक्या मोजत. आणि आईनं आम्हा दोघांना बसवून सांगितलेलं होतं, मला ह्या घरातून हलवू नका. गॅलरी, मंडळ, शेजारीण, तिचं सगळं तिथंच.

“विसरतं गं माणूस,” मी म्हणालो. “मी परवा पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसलो. माझं काय करतेस?”

“तुला नाही दिसत ते. तू आठवड्यातून एकदा बोलतोस.”

“शनिवारी रिटर्न भरतोय मी. आई ओटीपी वाचणार. तीन जोड्या, घड्याळ लावून. तिनं वाचला तर राहू दे तिला तिथंच. कबूल?”

“आणि नाही वाचला तर?”

“माझी आई आहे ती,” मी म्हणालो. “ती झोपेत वाचेल.”

“कबूल,” ताई म्हणाली.

म्हणून मी ओरडत होतो. व्हॉट्सअॅपवर इथून फोन लागत नाही, परवानगीतल्या अॅपवरून लावावा लागतो, त्यामुळे आईच्या रोजच्या स्मार्टफोनवर कधी माझं नाव दिसतं, कधी नुसताच लांबलचक नंबर. वसईकर लॅपटॉप मांडून बसलेला. मुलगी आकडे लिहून घ्यायला वही घेऊन. बायको दाराशी, पुरणपोळ्यांचं ताट झाकून.

“ओटीपी सेंट,” वसईकर म्हणाला. “यल्ला, मम्मी.”

“आई, आला का मेसेज?”

“आला रे आला!” आईचा तोच पुकाऱ्याचा आवाज. मी बायकोकडे विजयानं बघितलं. “चार नि सात, सत्तेचाळीस! एक नि दोन, बारा! आठ नि शून्य, ऐंशी!”

“झालं! खलास!” मी म्हणालो. वसईकरानं आकडे टाकले.

“एकटा पाच!” आई म्हणाली. “सहा नि पाच, पासष्ट! तीन नि तीन, तेहेतीस!”

“पप्पा,” मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली, “दॅट्स ऑलरेडी इलेव्हन डिजिट्स.”

“राँग,” वसईकर स्क्रीनकडे बघत म्हणाला. “एरर आला.”

“आई, थांब. तुझ्या हातात तो काळा फोन आहे ना? बटणांचा?”

“थांब की जरा. एवढी घाई असेल तर तिकीट कशाला घेतलंस?” आणि मग फोनपासून तोंड बाजूला करून, मोठ्यानं, “लाईन कुणाची झाली? हात वर करा!”

घरात तिच्याशिवाय कुणीही नव्हतं.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. म्हणालो, चेष्टा करतेय, तिला चेष्टेची भारी हौस. माझ्याबरोबर कुणीच हसलं नाही. वसईकरानं पुन्हा ओटीपी मागवला आणि एसीचा रिमोट उगाचच उलटा करून बघत बसला.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. “आई, मी बोलतेय. देवघरापाशी जा. तिथं काळा फोन आहे, चार्जिंगचा. तो हातात घ्या.”

पावलं ऐकू आली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. काहीतरी पितळेचं खाली पडलं, तेही ऐकू आलं. मग मेसेजची टिंग.

“घेतला,” आई म्हणाली. “दिसतायत आकडे.”

मी फोन परत घेतला. “शाब्बास! वाच आता.”

बटणं दाबल्याचा आवाज आला.

“आई? वाच ना.”

“कोण बोलतंय?”

“मी गं. मी.”

“मी म्हणजे कोण?”

मी माझं नाव सांगितलं. मग घरात हाक मारायचं नाव सांगितलं, जे बायकोलासुद्धा लग्नानंतर वर्षभर माहीत नव्हतं. मग मी नाकातून म्हणालो, “नमस्कार आजी, बँकेचा मॅनेजर बोलतोय.” म्हटलं, आता तरी म्हणेल, जेवलास का.



“हे बघा साहेब,” आई म्हणाली. एरवी पोस्टमनशी किंवा मीटर बघायला येणाऱ्याशी ती जशी बोलायची, तशी अगदी सभ्य. जन्मात पहिल्यांदा तिनं मला अहोजाहो केलं. “माझा मुलगा दुबईला असतो. त्यानं बजावून ठेवलंय, हा आकडा कुणालाही सांगायचा नाही. आमच्याकडे परत फोन करू नका.”

मी अबू धाबीत असतो. वर्षानुवर्षं मी तिची ही चूक सुधारत आलो. त्या वेळी सुधारली नाही.

तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तिनं उचलला नाही, आणि शिकवणीप्रमाणे तेच बरोबर होतं.

वसईकरानं लॅपटॉप मिटला. “नंतर करू, मॅन. व्हेरिफाय करायला महिना असतो.” ताट तसंच झाकलेलं ठेवून तो गेला. आजवर त्यानं आमच्याकडून काही न खाता पाऊल बाहेर टाकलं नव्हतं. मुलगी वही घेऊन बसून होती. “डझ आज्जी नॉट नो अस?” तिनं विचारलं. बायको तिला घेऊन आत गेली.

दुपारी ताईचा फोन आला. मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो. तिथं उन्हात उभं राहणं शक्य नसतं. कठड्यावर पापड ठेवला तर भाजून निघतो, मी ठेवून बघितलाय. पण आत सगळे बसले होते.

“वाचला का?” तिनं विचारलं.

मग मी तिला सगळं सांगितलं, माझ्या पद्धतीनं. हौजी फारशी सांगितली नाही. पण आईचा करारीपणा काय सांगितला मी! समोरचा माणूस ‘मी तुमचाच मुलगा’ म्हणतोय, नाव सांगतोय, घरातलं नाव सांगतोय, गयावया करतोय, आणि ही बाई ढिम्म हलत नाही. कसं झापलं, परत फोन करू नका म्हणून कसं ठणकावलं. भल्याभल्यांची खाती रिकामी झाली, पण माझ्या आईनं चोराला उंबऱ्याशी उभं केलं नाही.

“सबंध सांगलीत इतकी सावध बाई नाही, ताई,” मी म्हणालो. “तिला काय धाड भरलीय एकटं राहायला?”

तिकडे कुकरची शिट्टी झाली. ताईनं गॅस बंद केलेला ऐकू आला.

“आईच्या सामानाला रविवारचा टेम्पो सांगते,” ती म्हणाली.