आधीच फेडलेला नवस

शर्यतीत जॉकीच्या अंगावर जे झगमग कपडे दिसतात ना, ते जॉकीचे नसतात. घोडा ज्याचा, रंग त्याचा. आज मी घातले, उद्या दुसरा घालते, त्यात कोणाचं काही जात नाही. पण माह्या गावाले हे कोण समजावून सांगन? गावाले एवढंच माहीत होतं का पिवळा अंगरखा अन् लाल बाह्या दिसल्या म्हणजे आपला पोरगा. तसा फोटोच आमच्या घरी भिंतीवर लावलेला होता.

गाव माहं धनजच्या बाजूले. घरात सारे धिप्पाड, मीच एक काडी. शंकरपटात, म्हणजे बैलायच्या शर्यतीत, जोडी हाकायले हलका माणूस लागते, म्हणून लहानपणी लोकं मले उचलून बैलायच्या मागं बसवत. तिथं कोणाच्या तरी पाहुण्यानं पाह्यलं अन् पुण्याले नेऊन घोड्यावर बसवलं. माय रडली, बाबा नाही रडले. बाबांनं मारुतीपुढं नारळ फोडलं अन् नवस बोलले: पोरगा मुंबईच्या मोठ्या शर्यतीत घोड्यावर बसला का साऱ्या गावाले रोडग्याचं जेवण. जिंकायचं नाही बोलले हो, नुसतं बसायचं. बाबा शेतकरी माणूस, देवाले बी झेपन तेवढंच मागत.

ते बसणं काय असते, ते बसणाऱ्यालेच ठाऊक. लोकायले वाटते जॉकी म्हणजे रविवारची शर्यत, टाळ्या, फोटो. खरी नोकरी पहाटेची. अंधारात उठा, वजनकाट्यावर उभे राहा, काटा वर गेला तं घाम काढायले जाड कपडे घालून पळा. पोटात अर्धी भाकर. अन् मंग दुसऱ्याचा घोडा तयार करा. मी अशा लय घोड्यायले तयार केलं. लहान शर्यती जिंकल्या बी. पण मोठ्या शर्यतीच्या दिवशी ट्रेनर मोठ्या नावाचा जॉकी आणत अन् मी रेलिंगले टेकून पाहत राहो. माणसाले सवय होते म्हणतात. मले नाही झाली.

मंग ती घोडी आली. काळपट तपकिरी, डोकं फिरलेली. सईसाले, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्याले, लाथ मारली, एका जॉकीले पाडलं. ट्रेनर म्हणाले, "हिच्यावर तूच बस, तुझा हात हलका आहे." मी बसलो. मलेही पाडलं तिनं, खोटं कायले बोलू? पण हळूहळू कळलं का ती वाईट नाही, भेदरलेली आहे. डाव्या हातात चाबूक दिसला का ती आडवी होये. कोणीतरी लहानपणी त्या बाजूनं मारलं असन. मी डाव्या हातात चाबूक धरणंच सोडलं. शेवटच्या वळणापर्यंत तिले तिच्या मनानं पळू द्या अन् मंग नुसतं मानेवर हात सरकवा, का बाप्पा, काय जाये ती! तिच्या मालकाच्या पिवळ्या-लाल रंगात आमी दोघं सोबत शर्यती जिंकत गेलो, अन् एका सकाळी ट्रेनर माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुंबईला हिच्यावर तूच."

मी घरी फोन केला. बाबांनं आयकलं. मागून मायच म्हणे, "अवो, बोला ना काही, का मुके झाले?"

संक्रांत झाली अन् ट्रेनरले नागपूरले कोणाच्या लग्नाले जायचं होतं. मले सोबत नेलं. येताना समृद्धीवरून परत येणार, मधात आमचं गाव. मी भीत भीत म्हटलं, घरी चहा घेता का. बाबांले कळवलं तं बाबांनं चहाचं जेवण करून टाकलं, अन् जेवणाचा नवस. म्हणे, साहेब सवता येऊन राह्यले, तं रोडगे आताच करू, त्यायच्याच हातानं नैवेद्य दाखवू.

माही मोठीमाय, म्हणजे बाबांची भावजय, जिभेची फटकळ बाई. ती कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "भावजी, नवस देवानं देल्यावर फेडतात. आधी कोण फेडते? देव काय उधारीवर काम करते काय?"

"वयनी, घोडीचा मालक तयार, साहेब तयार, पोरगा तयार. आता कायचं राह्यलं?"

"पोरगा वर बसाचा राह्यला."

"बसन न मंग! कुठं पळून चालला?"

झालं. मारुतीच्या पारापाशी गवऱ्या पेटल्या, कणकेचे गोळे भाजले, वांग्याची भाजी रटरटली, सारं गाव जेवायले बसलं. ट्रेनर मांडी घालून पंगतीत बसले. बाबांनं सवता रोडगा कुस्करून त्यायच्या पानात तूप ओतलं. साहेबांनं दुसरा मागून घेतला. मी वजनाच्या भेवानं कोरडा तुकडा चघळत होतो. जेवणं झाल्यावर बाबांनं हात जोडून विचारलं, "साहेब, पोरगा नक्की बसन न?" ट्रेनरनं बाबांचे हात धरले. साऱ्या गावापुढं म्हणाले, "काका, माझा शब्द आहे. घोडी त्याचीच आहे." बायायनं पदरानं डोळे पुसले. मोठीमाय तेवढी उठून पत्रावळ्या गोळा करायले लागली.

शर्यत रविवारची. गुरुवारी कोणत्या घोड्यावर कोण, हे जाहीर होते. मी फळ्यापाशी गेलो. घोडीचं नाव होतं, पुढं माहं नव्हतं. मले वाटलं चुकलं असन. तिथल्या माणसाले विचारलं बी, "हे चुकलं वाटते." तो म्हणे, "नाही रे, बरोबर आहे." त्याले माही दया आली असावी, कारण त्यानं नजर दुसरीकडं वळवली.

तिच्यावर बसणारा जॉकी बंगलोरचा. मोठं नाव, पण माणूस सरळ. संध्याकाळी तोच मले शोधत आला, घोडी कशी पळते ते विचारायले. आमच्या धंद्याची रीत आहे ती. जो तयार करते त्यानं जो बसते त्याले सांगायचं. मी विचारलं, तुले कधी सांगतलं? तो सहज म्हणाला, "दिवाली में ही बात हो गई थी, भाई. तुझे नहीं पता?"

दिवाळीत! म्हणजे संक्रांतीनंतर आमच्या पंगतीत बसून बाबांचे हात धरले, तवा ट्रेनरले सारं माहीत होतं. मले आधी सांगतलं असतं तं मी सकाळचं काम सोडलं असतं, अन् तिले तयार करणं दुसऱ्या कोणाले जमत नव्हतं. म्हणून मले लटकवून ठेवलं. मी त्या रागात तसाच ट्रेनरच्या खोलीत घुसलो.

ते म्हणाले, "मालकांचा आग्रह. तू समजून घे."

"मालकायचं जाऊ द्या. तुमी आमच्या घरी जेवायले काहून आले होते?"

ते कोड्यात पडल्यावाणी पाहत राह्यले. "तुझ्या वडिलांनी इतक्या प्रेमानं बोलावलं, नाही कसं म्हणणार?"

मी दार आपटून बाहेर आलो. मारलं असतं तं बरं झालं असतं. आजही वाटते, मारायले पाहिजे होतं. हरामखोर माणूस निदान लपून खाते, हा तं वाढा म्हणून खाऊन गेला.

बंगलोरवाल्याले मी सारं सांगतलं. डाव्या हातात चाबूक दाखवू नको, वळणापर्यंत छेडू नको. नसतं सांगतलं तं मार घोडीनं खाल्ला असता. तिनं माहं काय बिघडवलं होतं? घरी मात्र फोन नाही केला. उद्या करीन, उद्या करीन म्हणत रविवार उजाडला.

शर्यत मी जॉकीयच्या खोलीतल्या टीव्हीवर पाह्यली. वळणापर्यंत मागं, मंग मानेवरून हात सरकला, अन् ती सुटली. जिंकली. सोबतचे माह्याकडं पाहत नव्हते. तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"जिंकला बे! माहा वाघ जिंकला!" मागं डफडं, फटाके, बायायचा आवाज. पारावर मोबाइलमध्ये साऱ्यायनं पाह्यलं होतं, पिवळा अंगरखा अन् लाल बाह्या. टोपी अन् चष्म्यामागं तोंड कोणाचं दिसते? हरभऱ्याची सोंगणी सोडून लोकं आले होते. "बोल, बोल, गावासंग बोल, स्पीकर लावला हाय!"

मी म्हटलं, "बाबा, तो मी नव्हतो. माही घोडी त्यायनं दुसऱ्याले देली."

डफडं वाजतच होतं. जवळच्यायनं आयकलं असन का नसन, माहीत नाही. बाबांनं आयकलं. मंग बाबांचा मोठा आवाज आला, लोकायकडं तोंड करून: "थकला म्हणे! बोलता येऊन नाही राह्यलं!" अन् फोन कटला.

होळीले गावी गेलो. फाट्यावरच हार घातले. मी वावरात बाबांले गाठलं.

"फोनवर मी काय म्हटलं, ते आयकलं न तुमी?"

"आयकलं."

"मंग लोकायले सांगतलं काहून नाही?"

बाबा बांधावर बसले. "काय सांगू? नवस आधी फेडला म्हणून देवानं पोराचं काढून घेतलं, असं म्हणतीन. तुही मोठीमाय तं टपून बसली हाय. जलमभर मलेच आयकावं लागन."

"देवानं नाही काढलं, बाबा. त्या माणसानं काढलं. आपलं जेवून काढलं."

"मले समजते ते. गावाले नाही समजत. राहू दे न, लोकं इसरतात."

लोकं इसरले नाहीत. माह्या मनात एकच होतं: कोणीतरी म्हणावं का या पोरासंग वाईट झालं. बस, एवढंच. मायले सांगतलं असतं, पण माय कोणापाशी बोलली असती तं बाबा उघडे पडले असते. पुण्यात साऱ्यायले माहीत होतं पण कोणाले पर्वा नव्हती, अन् गावात पर्वा असणारे सारे अभिनंदन करत होते.

पुढच्या सव्वीस जानेवारीले ग्रामपंचायतीनं सत्कार ठेवला. झेंडा झाला, शाल-नारळ झालं, सरपंच बोलले का आपल्या गावचा मुलगा देशातली मोठी शर्यत जिंकला. मंग माइक माह्या हातात देला. मी ठरवूनच आलो होतो. आज सांगायचं, मंग मोठीमाय काय बोलायचं ते बोलो. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, धुतलेली टोपी घालून. मी माइक तोंडापाशी नेला अन् म्हटलं, "त्या दिवशी घोडीवर..."

बाबा उठून उभे राह्यले अन् जोरजोरानं टाळ्या वाजवायले लागले. त्यायच्या मागं सारं गाव उठलं. टाळ्या थांबेपर्यंत मी बाबांकडं पाहत राह्यलो. ते माह्याकडं नाही, झेंड्याकडं पाहत होते. मी शाल सावरली, माइक सरपंचाले परत देला अन् खाली बसलो.