धुतलेल्या मुळ्या

सोनगीरच्या थांब्यावर पुण्याची एसटी लागली, तेव्हा मायने डबा माझ्या हाती दिला आणि समाधानाने म्हणाली, "मुया चोख्ख्या धुईसन दिन्यात. परका घर चिखल कोन लई जास?"

मी झाकण उघडून पाहिले. डब्यात आमच्या नाल्याकाठच्या शेतातल्या, उभ्या-उभ्या सुकलेल्या कपाशीची मुळे होती, आणि मला हवी होती ती त्यांना चिकटलेली माती. मर रोगाची बुरशी मातीत राहते. ती या शेतात आहे का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पुण्यात पिकांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या मला एकच सकाळ मिळाली होती. पुढची पाळी पेरणीनंतरची. परत फिरायला वेळ नव्हता. आबा, माझे वडील, खिडकीशी आले. "कापूस पेराना का नही, इतलंच सांग." एवढे बोलून ते बाजूला झाले.

पुण्यात मार्गदर्शक बाईंनी डबा उघडला. "माती नाही, मग पाहणार काय?"

मी मूळच चिरले. ओला जीव यंत्राच्या निर्वात पोकळीत कोलमडतो. म्हणून त्यातले पाणी टप्प्याटप्प्याने काढायचे, मग वर सोन्याचा अतिसूक्ष्म थर द्यायचा. (नंतर हे ऐकून माय म्हणाली, "मन्हा आंगवर गुंजभर नही, आन् बुरशीले सोनं!") पडद्यावर मुळातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या दिसू लागल्या. पहिली रिकामी. दुसरीही. सगळ्याच रिकाम्या निघोत, असे मी मनोमन म्हणत होतो. पुढचीत बुरशीचा धाग्यावर धागा होता, नळी गच्च बुजलेली. बाहेरचे धुतले गेले होते; हे आत होते.

बाई "शाबास" म्हणाल्या. मला तिथे बसवेना.

उरलेल्या मुळांतली बुरशी वाढवून खात्री केली आणि आबांना कळवले. आजोबांपासूनचा कापूस त्या शेतातून गेला, ज्वारी आली. पीक नसले तरी ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते, हे सांगताना मी मास्तरासारखा बोललो. आबा मुलासारखे ऐकत राहिले.

मी पुण्याचाच झालो. गाव सोडताना तुमच्यापैकी कुणी मूठभर माती पुडीत बांधून नेली असेल. मला ती मुभा नाही. बाधित शेताची माती दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये, हा आमच्या विषयाचा पहिला धडा; मायला तो माझ्याआधी ठाऊक होता. ज्या जागेतून काहीच बरोबर येऊ नये म्हणून मी इतका जपतो, तेच माझे घर. दर सुटीअखेर मी बांधावर उभा राहतो. माय तांब्याने पाणी ओतते, मी बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय धुतो. ती वाकून पाहते.

"झाया चोख्खा. आते जाय."