डिशचं पासिंग

माणूस गेला की त्याचं लायसन कुठं जातं? दादाच्या दहाव्याला मी भटजींपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी चहाचा दुसरा कप मागितला.

तुम्ही म्हणाल, दुःखाच्या घरात हा कसला प्रश्न? अहो, शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीची केबल दादाची! वहिनीचं आणि लेकीचं पोट तिच्यावर. आणि मागच्या गल्लीतला केबलवाला तेराव्याचं जेवून हात धुता धुता म्हणाला, "आता लायसन न्हाय, तारा माझ्या." म्हटलं, तारा काय, खिळासुद्धा देत नाही तुला!

आता काय गाढवपणा केला ते ऐका.

कळलं की केबलचं लायसन मोठ्या पोस्टात मिळतं. टीव्हीचं लायसन पोस्टात? असेल बाबा. पण माझी शाळा सातवीत सुटलेली. लायसन म्हटलं की मला एकच ठाऊक, आरटीओ. तिथं गाडी दाखवल्याशिवाय कोण विचारतो? पासिंग लागतं!

पान्हा घेतला, गच्चीवर चढलो आणि डिश खोलली.

"भावजी, काय करालायसा?" वहिनी खालून ओरडल्या.

"पासिंगला न्यायची हाय!"

डिश केवढी? म्हैस बसेल एवढी! टेम्पोत उभी बांधली. दसरा चौकात दोघांनी तर देव समजून हात जोडले.

पोस्टाच्या दारातून ती आत जाईना. काउंटरवरचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "पावणं, एवढं पार्सल आम्ही घेत न्हाय."

"पार्सल न्हवं, साहेब. तपासा की! कुठं गंज न्हाय. दादा रोज पुसायचा."

"मी तपासू? अहो, मी तिकिटं इकतो! अर्ज द्या, फी भरा, झालं. ही परात कशाला आणलीसा?"

सगळं पोस्ट हसलं. मी हललो नाही. "लायसन दादाच्या नावावरच ऱ्हाऊ दे."

"गेलेल्या माणसाच्या नावावर चालत न्हाय."

"मग त्याचं कुठं जाणार?"

साहेबांनी वहिनींच्या नावानं अर्ज भरून घेतला. शिक्का मात्र हळू मारला.

गल्लीत आलो तर बायका दारात उभ्या. मालिकेतलं लग्न ऐन अक्षतांवर आलेलं आणि पडद्यावर मुंग्या! "मुडद्या, नवरी पळवलीस व्हय रं?" शेजारची आक्का कडाडली.

मी धावत वर गेलो आणि डिश खांबावर चढवली. तिचं तोंड कुठं होतं? ते फक्त दादाला ठाऊक. त्यानं लावलेली दिशा मी माझ्या हातानं सोडवली होती.

अंदाजानं फिरवली, आवळली. खाली येऊन बघतो तर चिनी बाई बातम्या देतेय! आठवडाभर फिरवत होतो, आठवडाभर तीच बाई. पण गल्लीतल्या एकानंही मागच्या गल्लीची तार घेतली नाही. आक्का म्हणाली, "कपाळाला कुंकू न्हाय, पर बोलती गोड."

शेवटी रविवारी ठरवलं, चित्र आल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पूर्वी दादा वर डिश फिरवायचा आणि मी खाली टीव्हीपुढं बसून ओरडायचो. आता वर मी, टीव्हीपुढं वहिनी.

"आलं का?"

"न्हाय, मुंग्या!"

"आता?"

"चिनी बाई!"

दुपार कलली. खांदे भरून आले. मी केसभर ढकलली.

"आलं, भावजी! आलं!" दादा गेल्यापासून वहिनींचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

आणि मी? इतक्या वर्षांची सवय! मान वर करून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दादा, आलं! आता हलवू नगंस!"

वर तर मीच होतो. डिशही माझ्याच हातात.

मग मीच हलवायची थांबवली आणि नट आवळला.